फुकटाचं मोल

विरजण मागायला आलेल्या शेजारणीकडून आपण कधी पैसे घेत नाही. चमचाभर दिल्यानं आपलं दही काही कमी होत नाही, आणि तिच्या घरी पातेलंभर दही लागतं. लोणच्याची कृती, स्वेटरचा नमुना, रांगोळीचे ठिपके... सगळं असंच या घरातून त्या घरात जात आलंय. पण मैत्रिणींनो, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅमही एके काळी असेच हातोहात वाटले गेले, हे ठाऊक आहे का? त्यातली एक गोष्ट आपण बायकांनी तर ऐकायलाच हवी.

गोष्ट अमेरिकेतली, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची. जिम नॉफ नावाचे गृहस्थ आयबीएम कंपनीत नोकरीला होते. त्यांच्या चर्चमधल्या मंडळींना टपाल पाठवायचं तर दर वेळी पाकिटांवर पत्ते घालायचे. ते काम सोपं व्हावं म्हणून त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर, फावल्या वेळात एक प्रोग्रॅम लिहिला. नावं-पत्ते साठवायचे, हवं ते नाव शोधायचं, यादी लावायची आणि लेबलं छापायची, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे लग्नातल्या आहेराची वही असते ना, किंवा भिशीची, बचत गटाची? तशीच ही वही, फक्त कॉम्प्युटरमधली.

आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली बाजारात आला आणि नॉफ यांनी आपला प्रोग्रॅम त्यावर बसवला. ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी तो पाहिला, मागितला. यांनी फ्लॉपीवर उतरवून दिला, अगदी मोफत. सहकाऱ्यांनी तो आपापल्या मित्रांना दिला, मित्रांनी आणखी कुणाला. अशा कामाचे प्रोग्रॅम तेव्हा विकत घेणं म्हणजे चैनच होती. ‘डीबेस टू’ या नावाजलेल्या प्रोग्रॅमची किंमत ६९५ डॉलर होती! मग फुकटात मिळणारा कोण सोडेल?

खरी पंचाईत पुढेच झाली. प्रोग्रॅममध्ये एखादी चूक सापडली, ती दुरुस्त केली, तर ती कळवायची कुणाला? ज्यांना स्वतः दिला ते ठाऊक, पण त्यांनी पुढे कुणाकुणाला दिला? शिवाय प्रत्येक वेळी फ्लॉपी, पाकीट, टपालखर्च... फुकट देता देता खिशाला चाट बसायला लागली. संध्याकाळचा वेळही त्यातच जाऊ लागला.

मग नॉफ यांनी एक साधी युक्ती केली. प्रोग्रॅममध्येच एक निरोप घातला. त्याचा मतलब असा, की हा प्रोग्रॅम वापरा, इतरांनाही खुशाल द्या. उपयोगी वाटला तर दहा डॉलर पाठवा, म्हणजे सुधारणा कळवण्याच्या यादीत तुमचं नाव घालता येईल. सक्ती कसलीच नाही.

यावर त्यांच्या बायकोनं काय म्हणावं? लोक आपणहून पैसे पाठवतील असं वाटत असेल तर तुम्ही वेडे म्हातारेच आहात! नॉफ यांनी स्वतःच ही आठवण पुढे सांगितली आहे. आणि खरं सांगू, त्या माउलीचं काय चुकलं? घर चालवणाऱ्या बाईला जगाचा अनुभव असतोच की!

पण पैसे आले. गंमत म्हणजे, ज्यांनी प्रतिसाद दिला त्यांच्यातल्या एकानं कळवलं, की असाच निरोप असलेला दुसरा प्रोग्रॅमही मला मिळालाय. तो होता ‘पीसी-टॉक’, कॅलिफोर्नियातल्या अँड्र्यू फ्लुगेलमन यांचा. एकमेकांची ओळखदेख नसताना दोघांना एकच कल्पना सुचली होती! दोघांनी संपर्क साधला आणि मिळून चालायचं ठरवलं. नॉफ यांच्या प्रोग्रॅमचं नाव ‘पीसी-फाइल’ झालं आणि दोघांनीही २५ डॉलर मागायचे असं ठरलं. आधी वापरा, पटलं तर पैसे द्या, या रीतीला पुढे ‘शेअरवेअर’ हे नाव रूढ झालं.

१९८३मध्ये ‘पीसी वर्ल्ड’ मासिकात पीसी-फाइलवर लेख आला, तेव्हा नॉफ कुटुंब सुट्टीसाठी हवाईला गेलं होतं. मागे घर सांभाळायला जो माणूस होता, त्याला रोजचं टपाल किराण्याच्या पिशव्यांत भरून आणावं लागलं! १९८४ साली नॉफ यांनी नोकरी सोडली. तोवर या कामातून पगाराच्या दहापट मिळत होतं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

आता सगळ्यांचंच असं भाग्य उजळत नाही. वापरणारे शंभर असले तर पैसे पाठवणारे त्यातले थोडेच. तरीही या गोष्टीतलं मला आवडतं ते हे, की नॉफ यांनी देणं थांबवलं नाही, पण देण्याला खर्च येतो हे तोंडानं सांगितलं. आपण बायका नेमकं हेच सांगत नाही. रात्री जागून केलेलं काम ‘त्यात काय एवढं’ म्हणून देऊन टाकतो, आणि घेणाऱ्यालाही मग ते ‘त्यात काय एवढं’च वाटतं.

आज गावोगावी एमएस-सीआयटी केलेल्या मुली, सुना आहेत. बचत गटाचे हप्ते, खानावळीचे डबे, शिवणकामाची मापं यांचा हिशेब ठेवायला कुणी एक्सेलमध्ये छान फाइल बनवते. मोबाइलवरून ती दुसऱ्या गटाला पाठवणं क्षणाचं काम. जरूर पाठवा, पण थोडी काळजी घ्या.

पाठवण्याआधी प्रत करून तिच्यातली सगळी नावं, फोन नंबर, खाते क्रमांक, आधार क्रमांक पुसून टाका. रिकामी वही द्यायची, भरलेली नाही. गटातल्या बायकांनी विश्वासानं दिलेली माहिती वाटण्याचा हक्क आपल्याला नाही. पहिल्या पानावर आपलं नाव, तारीख आणि वापरायची रीत चार ओळींत लिहा. सुधारून पुन्हा पाठवलीत तर तारीख बदला, नाहीतर कुणाकडे कुठली प्रत आहे याचा घोळ होतो. आणि चूक सापडली तर कळवा, शिकवायला बोलावलंत तर येण्याजाण्याचा खर्च द्या, हेही न लाजता लिहा.

आपण घेणाऱ्या असू तेव्हाही काही देणं लागतो. ‘सेव्हन-झिप’ घ्या. अनेक फाइली एकत्र बांधून लहान करणारा हा प्रोग्रॅम इगोर पाव्हलोव्ह यांनी १९९९ साली आणला आणि तो आजही विनामूल्य आहे. असे प्रोग्रॅम घेताना कुणाच्याही पेनड्राइव्हवरून घेऊ नका, बनवणाऱ्याच्याच वेबसाइटवरून घ्या. लोकप्रिय नावाखाली व्हायरस घुसवणारे टपलेलेच असतात. आणि वर्षभर वापरून उपयोग झाला असेल, तर जमेल तेवढी देणगी द्या. तेही नाही जमलं तर चूक कळवा, निदान दोन ओळींचे आभार लिहा. शेजारणीकडून आणलेली वाटी आपण कधी रिकामी परत करतो का?