नाव नको, मिनिटं मोजा

२९ मार्च २०२५ला टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीने, म्हणजे टीसीयूने, नोटर डेमला ७१-६२ असं हरवून राष्ट्रीय स्पर्धेबाहेर काढलं. नोटर डेमची पॉइंट गार्ड ऑलिव्हिया माइल्स त्या दिवशी हरलेल्या संघात होती. काही दिवसांतच तिने जाहीर केलं, की पुढचा मोसम आपण टीसीयूकडून खेळणार. महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, म्हणजे डब्ल्यूएनबीएच्या, निवडीत ती दुसऱ्या क्रमांकावर जाईल असा जाणकारांचा अंदाज होता. तो मान बाजूला ठेवून ती आणखी एक वर्ष कॉलेजात राहिली, आणि तेही ज्यांनी हरवलं त्यांच्याकडे.

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये तेव्हा हेच दिवस होते. यूकॉनने ६ एप्रिलला साउथ कॅरोलिनाला ८२-५९ असं नमवून बारावं विजेतेपद मिळवलं, पण त्याच्या आधीपासूनच चर्चा पोर्टलची होती. कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ही यादी २०२५मध्ये २५ मार्चला उघडली आणि २३ एप्रिलला बंद झाली. पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक महिला संघ आहेत आणि यादीत तेव्हा हजारावर मुली होत्या. २०१८मध्ये पोर्टल सुरू झालं तेव्हा कॉलेज बदललं की बास्केटबॉलमध्ये सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१मध्ये एकदा बदलायची मोकळीक मिळाली, आणि कोर्टाचा दणका बसल्यावर २०२४पासून अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्यांना कितीही वेळा बदलता येतं. कुंपण उरलेलं नाही, म्हणून निवड अवघड झाली आहे. मोजक्या दिवसांच्या आत वीस वर्षांच्या मुलीने दोन-चार कॉलेजं एकमेकांशी ताडून बघायची आणि आयुष्याची पुढची वर्षं कुठे घालवायची ते ठरवायचं. ती नक्की काय ताडून बघते, हा माझा विषय आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बहुतेक जणी चुकीच्या गोष्टी ताडतात. विजेतेपदं, टीव्हीवरचे सामने, झगमगीत लॉकर रूम, प्रशिक्षकाचं नाव. ज्यावर पुढचं वर्ष खरोखर ठरतं ते दोन आकडे कंटाळवाणे आहेत: आपल्या जागेवर किती मिनिटं मोकळी होणार आणि आपली किती क्रेडिट्स नव्या कॉलेजात पदवीसाठी धरली जाणार.

मिनिटांचं आधी. सामना चाळीस मिनिटांचा आणि मैदानावर पाच जणी, म्हणजे वाटायला एकूण दोनशे मिनिटं. पुढच्या वर्षी कोण उत्तीर्ण होऊन जाते आहे, कोण राहते आहे, कोण दुखापतीतून परतते आहे आणि कोणती नवी मुलगी शाळेतून येते आहे, हे कागदावर मांडलं तर आपल्या जागेसाठी किती मिनिटं उरतात याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. प्रशिक्षकाने फोनवर दिलेल्या आश्वासनापेक्षा या कागदावर मी जास्त विश्वास ठेवीन.

हेली व्हॅन लिथची तीन कॉलेजं यासाठी बारकाईने पाहावीत. लुईव्हिलमध्ये तिसऱ्या वर्षी ती सामन्यामागे जवळपास वीस गुण करत होती. २०२३मध्ये ती एलएसयूकडे गेली, जो संघ त्याच वर्षी राष्ट्रीय विजेता झाला होता. नावाच्या हिशेबाने यापेक्षा मोठी उडी नव्हती. पण गुण करणाऱ्या गार्डला तिथे पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचण्याची जबाबदारी दिली गेली. एंजल रीससारख्या खेळाडू आधीच असलेल्या संघात तिची सरासरी ११.६वर आली. वर्षभर तिच्यावर टीका झाली. त्यानंतर ती गेली टीसीयूकडे.

टीसीयूचा इतिहास तेव्हा काय होता? २०२२-२३च्या मोसमात त्यांनी तब्बल २३ सामने गमावले होते. मार्क कॅम्पबेल नवे प्रशिक्षक म्हणून आले, आणि जानेवारी २०२४मध्ये दुखापतींनी संघ इतका रिकामा झाला की दोन सामने सोडून द्यावे लागले आणि कॉलेजातल्या इतर मुलींसाठी खुली निवड चाचणी ठेवावी लागली. अशा ठिकाणी कोणती तारका जाईल? पण कॅम्पबेल यांचा खेळ गार्ड आणि उंच खेळाडू यांच्या जोडीवर उभा असतो. उंच खेळाडू म्हणून सेडोना प्रिन्स तिथे होती आणि चेंडू हाती घेणारी गार्ड नव्हती. व्हॅन लिथला जे येत होतं, नेमकं तेच त्यांच्याकडे कमी होतं. २०२४-२५मध्ये टीसीयूने ३४ सामने जिंकले, बिग १२ परिषदेचं, म्हणजे आपल्या साखळीचं, विजेतेपद मिळवलं, व्हॅन लिथ परिषदेची सर्वोत्तम खेळाडू ठरली, आणि १४ एप्रिल २०२५ला डब्ल्यूएनबीएच्या शिकागो स्काय संघाने तिला अकराव्या क्रमांकावर निवडलं. नोटर डेमला बाहेर काढणाऱ्या त्या सामन्यात तिनेच २६ गुण केले होते.

माइल्सचा निर्णय आता वेगळा दिसतो. व्हॅन लिथ बाहेर पडली म्हणजे टीसीयूमध्ये पॉइंट गार्डची जागा रिकामी झाली. ही जागा कशी वापरली जाते हे माइल्सने चाळीस मिनिटं समोरून पाहिलं. नोटर डेममध्ये हॅना हिडाल्गो होती, जिच्याही हाती चेंडू असावाच लागे. गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०२३-२४चा पूर्ण मोसम गमावलेल्या माइल्ससाठी एक वर्ष स्वतःच्या हातात खेळ असणं मोलाचं होतं. पैशाचंही गणित होतंच: २०२५मध्ये डब्ल्यूएनबीएत पहिल्या चारांत निवडल्या गेलेल्या खेळाडूचा पहिल्या वर्षाचा पगार ७८,८३१ डॉलर होता. नामांकित कॉलेज खेळाडू जाहिरातींतून याहून जास्त मिळवू शकत होती, आणि लीगचा नवा वेतन करार तेव्हा व्हायचा होता.

साउथ कॅरोलिनात तर दोन्ही प्रवाह एकाच दारातून चालले होते. फ्लोरिडा स्टेटची टानिया लॅटसन, सामन्यामागे २५.२ गुण करून त्या मोसमात देशात पहिली आलेली, तिथे आली. त्याच वेळी मिलेसिया फुलवायलीने पोर्टलमध्ये नाव टाकलं. ती कोलंबिया शहरातलीच, संघाच्या घरची मुलगी. परिषदेची सर्वोत्तम राखीव खेळाडू म्हणून तिला त्या मोसमात गौरवलं गेलं, पण मैदानावर सरासरी वीस मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. तिला बेइमान म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या मुलीला चाळीसपैकी वीस मिनिटं बाकावर बसलेलं पाहावं. लॅटसनसाठी हिशेब उलटा होता. तिला मिनिटं हवी तेवढी होती, हरलेले सामने नको होते. दोघींचे प्रश्न वेगळे, म्हणून एकाच संघाबद्दल दोघींची उत्तरं वेगळी. संघांची सरसकट क्रमवारी लावून मुलींना सल्ला देणाऱ्यांना हे कधी कळणार?

आता क्रेडिट्स. हा भाग रटाळ वाटतो, पण वाचाच. पहिल्या श्रेणीत खेळत राहायचं तर तिसरं वर्ष सुरू होताना निवडलेल्या पदवीची ४० टक्के, चौथ्याला ६० टक्के आणि पाचव्याला ८० टक्के क्रेडिट्स पूर्ण असावी लागतात. मेख 'निवडलेल्या पदवीची' या अटीत आहे. समजा १२० क्रेडिट्सची पदवी आहे आणि मुलीने तीन वर्षांत ९० मिळवली. नव्या कॉलेजने त्यांतली ६६च त्यांच्या पदवीसाठी धरली, तर चौथ्या वर्षाला लागणारी ७२ भरत नाहीत. अभ्यास चोख, गुण उत्तम, आणि तरी खेळायला अपात्र. उन्हाळ्यात जादा विषय घेऊन भरपाई करावी लागते किंवा मनातला विषय सोडून सोपी पदवी घ्यावी लागते. इंजिनिअरिंग, नर्सिंग, जीवशास्त्र यांसारख्या क्रमाने बांधलेल्या अभ्यासक्रमांत हा फटका जोरात बसतो. व्हॅन लिथ मोकळेपणाने फिरू शकली याचं एक कारण कुणी सांगत नाही: तिने लुईव्हिलमध्ये तीनच वर्षांत पदवी पूर्ण केली होती. काइटलिन चेनचंही तसंच. प्रिन्स्टनची पदवी घेतल्यावर तिच्या खेळाचं एक वर्ष शिल्लक होतं आणि आयव्ही लीग पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खेळू देत नाही, म्हणून ती यूकॉनला गेली. तिथे गुण कमी झाले, पण संघ राष्ट्रीय विजेता झाला आणि त्यानंतर तिची डब्ल्यूएनबीएत निवडही झाली.

संघाचं पदवी मिळवण्याचं प्रमाण बघतानाही डोळे उघडे हवेत. कॉलेज खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए जो आकडा मिरवते त्यात चांगल्या शैक्षणिक स्थितीत सोडून गेलेली मुलगी जुन्या कॉलेजच्या हिशेबातून वगळली जाते. सरकारी आकड्यात ती तिथे पदवी न घेतलेली म्हणून मोजली जाते. एकाच संघाचे हे दोन आकडे शेजारी ठेवा. अंतर मोठं असेल तर तिथून मुली सारख्या निघून जातात, आणि का जातात हे विचारायला हवं. मला विचाराल तर प्रशिक्षकाच्या तासाभराच्या गोड बोलण्यापेक्षा संघ सोडून गेलेल्या दोघींशी दहा मिनिटं बोलणं जास्त उपयोगाचं.

प्रशिक्षक किती टिकतील, करार कुठवर आहे, हेही विचारावं. प्रवासाकडे कुणी बघत नाही. २०२४पासून लॉस एंजलिसमधलं यूसीएलए बिग टेन परिषदेत आहे आणि कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या परिषदेत. म्हणजे आठवड्याच्या मधल्या दिवशी आख्खा देश ओलांडून सामना आणि परत येऊन सकाळचं प्रॅक्टिकल. पैशाबद्दल तेव्हा ठाम सांगता येत नव्हतं. कॉलेजांनी खेळाडूंना वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत थेट वाटा देण्याच्या तडजोडीवर ७ एप्रिल २०२५ला सुनावणी झाली, मंजुरी तेव्हा यायची होती. मागच्या नुकसानभरपाईच्या सूत्रात महिला बास्केटबॉलच्या वाट्याला पाच टक्के आहेत, फुटबॉलला पंचाहत्तर. यावरून कुणाची चांदी होणार ते दिसतंच. तोंडी कबूल केलेल्या रकमेवर कॉलेज बदलू नये.

मुलींच्या या हालचालीने संघांचं नुकसान होतं हे मी नाकारत नाही. लॉरेन बेट्स स्टॅनफर्डमध्ये पहिल्या वर्षी जेमतेम दहा मिनिटं खेळायची. यूसीएलएत आली आणि २०२४-२५मध्ये सामन्यामागे वीस गुणांपर्यंत पोचली, संघ पहिल्यांदाच एनसीएएच्या अंतिम चारांत गेला. त्याच यूसीएलएच्या एका मुलीने अंतिम चारांचे सामने सुरू होण्याआधी पोर्टलमध्ये नाव टाकलं आणि मोसम संपताच पहिल्या वर्षाची आख्खी तुकडी निघाली. स्पर्धा चालू असताना यादी उघडणं ही एनसीएएची घोडचूक होती. अंतिम सामना होईपर्यंत ती बंदच ठेवायला हवी होती. पण त्याचा दोष मुलींच्या माथी मारू नये.

आणि काही वेळा मिनिटं आणि क्रेडिट्स या दोन्हींच्या वर काहीतरी असतं. २००८मध्ये देशातली सर्वांत नावाजलेली शालेय खेळाडू एलेना डेल डॉन यूकॉनला पोचली आणि दोन-तीन दिवसांत घरी परतली. तिची थोरली बहीण लिझी जन्मापासून अंध, बहिरी आणि सेरेब्रल पाल्सीने ग्रस्त. फोनवर तिच्याशी बोलता येत नाही, स्पर्शानेच ओळख. एलेना घराजवळच्या डेलावेअर विद्यापीठात गेली, पहिलं वर्ष तर व्हॉलीबॉल खेळली. तिने सोडलेल्या यूकॉनने पुढची दोन वर्षं एकही सामना न हरता विजेतेपद मिळवलं. लोकांनी तिच्या कारकिर्दीवर काट मारली. तिने डेलावेअरला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सोळांत नेलं, २०१३मध्ये दुसऱ्या क्रमांकावर तिची निवड झाली, दोनदा ती डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि २०१९मध्ये तिच्या वॉशिंग्टन संघाला विजेतेपद मिळालं. कॉलेजांची तुलना करताना 'घर किती लांब' हा रकाना लाजेने गाळू नये, असं मी तिच्यामुळेच म्हणतो.

भारतातूनही मुली आता तिकडे पोचल्या आहेत: बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाला, हरसिमरन कौर सॅन डिएगोला. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलीला कॉलेज बदलताना व्हिसाची नोंदही नव्या कॉलेजकडे हलवावी लागते, आणि अमेरिकेत राहून जाहिरातीची कामं करणं व्हिसाच्या अटींत बसत नाही. तिथे जन्मलेल्या मराठी घरांतल्या मुलींना ही अडचण नाही, पण न्यू जर्सी आणि टेक्सासातल्या शाळांमधून त्या खेळत आहेत, आणि उद्या त्यांच्या आईवडिलांनाही हा कागद मांडावा लागेल.

त्यांना माझी विनंती एवढीच. पोर्टलमध्ये नाव गेलं की जुनं कॉलेज सत्राच्या शेवटी शिष्यवृत्ती बंद करू शकतं, आणि यादीतल्या प्रत्येकीला नवी जागा मिळत नाही. म्हणून नाव टाकण्याआधी सध्याच्या प्रशिक्षकाला पुढच्या वर्षीच्या मिनिटांबद्दल थेट विचारा. आणि नव्या कॉलेजला होकार कळवण्याआधी किती क्रेडिट्स कोणत्या पदवीसाठी धरणार, हे त्यांच्या नोंदणी विभागाकडून लेखी घ्या.