सैन्याचा खर्च आणि राज्याची अधिमान्यता

सैन्य राज्यकर्त्यांच्या आज्ञेत का राहते, हा प्रश्न स्थिर राज्यात सहसा कोणाला पडत नाही. घडी विस्कटली म्हणजेच त्याचे महत्त्व कळते. तुर्कस्तानच्या लष्कराने १९६०, १९७१ आणि १९८० मध्ये निर्वाचित सरकारांना पायउतार व्हावयास लावले. त्याचे कारण सेनापतींच्या महत्त्वाकांक्षेत शोधण्याचा प्रघात आहे. परंतु या प्रश्नाला आर्थिक अंगही आहे, आणि ते समजून घेण्यास उत्तर पेशवाईचा इतिहास पुरेसा आहे.

पेशव्यांच्या सत्तेला औपचारिक आधार होता तो साताऱ्याच्या छत्रपतींकडून मिळणाऱ्या वस्त्रांचा. सैन्याचा मोठा खर्च मात्र मध्यवर्ती खजिन्यातून होत नसे. सरदारास मुलूख सरंजाम म्हणून लावून द्यावयाचा आणि त्याने वसुलातून फौज बाळगावयाची, अशी पद्धत होती. साहजिकच शिपायाची निष्ठा पगार देणाऱ्याकडे वळली. १७९५ मध्ये सवाई माधवराव निवर्तल्यानंतर वर्षभर कारस्थाने चालली. अखेर दुसरा बाजीराव गादीवर आला तो दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या बळावर, त्यांना मोठी रक्कम कबूल करून. खजिना रिकामा होता, म्हणून १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी पुण्याच्या सावकारांचा छळ करून पैसा उकळला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाला, आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून त्याने इंग्रजी पलटणींच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. वस्त्रे साताऱ्याचीच राहिली. राज्य मात्र फौज पोसणाऱ्याचे झाले.

याची किंमत रयतेने मोजली. आजच्या नंदुरबार, धुळे, जळगाव जिल्ह्यांचा खानदेश १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी लुटला, आणि पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावरही मालेगावच्या किल्ल्यातील अरब शिबंदी इंग्रजांशी सुमारे महिनाभर लढत राहिली. राज्य गेले, भाडोत्री फौज उरली!

तुर्कस्तानची परिस्थिती अर्थातच वेगळी. तेथे १९२३ चे प्रजासत्ताकच सेनानी मुस्तफा केमाल यांनी उभारले. त्यामुळे लष्कर स्वतःस राज्याचे पालक समजू लागले. १९६० मध्ये पदच्युत केलेले पंतप्रधान मेंदेरेस यांना १९६१ मध्ये फाशी देण्यात आली. त्याच वर्षी अधिकाऱ्यांच्या वेतनातील सक्तीच्या कपातीतून ‘ओयाक’ हा निधी स्थापन झाला. पुढे मोटारनिर्मितीसारख्या उद्योगांत त्याची भागीदारी झाली. म्हणजे अधिकारीवर्गाचे हितसंबंध संसदेच्या मंजुरीबाहेरही रुजले. तरीही १९८० च्या सेनापतींना वस्त्रांची गरज भासलीच. विरोधी प्रचारावर बंधने असताना १९८२ मध्ये त्यांनी नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतले व ९० टक्क्यांहून अधिक कौल मिळविला. बंदुकीने सत्ता मिळते, अधिमान्यता मात्र जनतेकडेच मागावी लागते, याची ही कबुली होती.

१५ जुलै २०१६ चा उठाव नागरिकांनी रस्त्यावर उतरून हाणून पाडला. पण त्यानंतर दोन वर्षे आणीबाणी राहिली, लाखाहून अधिक सरकारी नोकर बडतर्फ झाले आणि अध्यक्षांच्या हाती सत्ता एकवटली. सैन्य बराकीत परतले म्हणजे लोकशाही आपोआप सुदृढ होते, असे नव्हे.

आपल्या राज्यघटनेच्या ५३ व्या अनुच्छेदाने संरक्षणदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले असून ते कायद्याने नियंत्रित केले आहे. सैन्याचा खर्च लोकसभेच्या मंजुरीवाचून होऊ शकत नाही. सरंजामशाहीत नेमकी हीच व्यवस्था नव्हती. मात्र संरक्षणखात्याच्या अनुदानाच्या मागण्या अनेक वर्षी चर्चेविनाच संमत झाल्या आहेत. सैन्याविषयीचा आदर आणि त्याच्या खर्चाची चिकित्सा यांत विरोध नाही. ही चिकित्सा कंटाळवाणी म्हणून सोडून दिली, तर मंजुरीलाही साताऱ्याच्या वस्त्रांचीच अवकळा येईल. ते टाळणे हे लोकप्रतिनिधींइतकेच त्यांना निवडून देणाऱ्यांचेही कर्तव्य आहे.