सावकाश होऊ द्या, मंडळी!

आमच्या कपाटात साड्यांच्या घड्यांखाली प्लॅस्टिकची एक चौकोनी डबी आहे. तिच्यात ताईच्या लग्नाची डीव्हीडी. लग्न २००५ सालचं. वडील २०१४ साली गेले आणि त्यांचा आवाज उरला तो या एकाच तबकडीत. पंगतीतून फिरताना हात जोडून ते म्हणतात, ‘‘सावकाश होऊ द्या, मंडळी!’’ गेल्या दिवाळीत आई म्हणाली, ‘‘एकदा ह्यांचा आवाज ऐकव ना रे.’’ मी डबी काढली खरी, पण तबकडी घालायची कशात? प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला. नव्या लॅपटॉपला तबकडीसाठी जागाच नाही.

शेवटी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. म्हटलं, तासाभरात एमपीफोर फाइल करून आईच्या मोबाइलवर टाकू. त्या तासाभराचे चार रविवार झाले! पण या खटाटोपात जे शिकलो, ते घरोघरी उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिली चूक घाईची. तबकडीतल्या ‘व्हिडिओ टीएस’ या फोल्डरमध्ये व्हीओबी नावाच्या फायली असतात. एकेक फाइल साधारण एक जीबीची, त्यामुळे लांबलचक लग्नाचे तीन-चार तुकडे होतात. मी त्यातला एकेक तुकडा बदलत बसलो, तर मंगलाष्टक मध्येच तुटलं. खरं तर अख्खा फोल्डर आधी हार्डडिस्कवर उतरवून घ्यावा आणि हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तो फोल्डरच उघडावा. मग तुकडे आपोआप सलग होतात. जुन्या व्हीसीडीत हेच काम ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल करते.

दुसरं संकट चेहऱ्यांचं. जुनं चित्रण चारास तीन या प्रमाणातलं, आताचे पडदे सोळास नऊचे. प्रमाण चुकलं की अक्षता टाकणारे सगळे नातलग एका रात्रीत लठ्ठ! प्रोग्रॅममध्ये मूळ प्रमाण तसंच ठेवावं, बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर दिसू द्याव्यात. कुणी हात हलवला की कडेला कंगव्यासारख्या रेघा उमटतात, त्याचंही कारण साधं आहे. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं एकाआड एक ओळींत नोंदलेली असत. ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडला की रेघा जातात.

तिसरी तक्रार हमखास ऐकू येते : ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. अशा वेळी आधी नीट पाहावं. फरक सुरुवातीपासून अखेरपर्यंत सारखाच असेल, तर आवाज तेवढा मागेपुढे सरकवला की काम भागतं. फरक हळूहळू वाढत असेल, तर सेकंदाला पंचवीस चित्रांचा मूळ वेग बहुधा बदललेला असतो. तो मूळ तबकडीइतकाच आणि स्थिर ठेवावा. चित्राचा आकार मात्र उगाच वाढवू नये. ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या चित्रात नसलेले बारकावे मोठ्या फायलीतही येत नाहीत. बाजारातल्या चित्रपटांच्या तबकड्यांना बहुधा कुलूप असतं. ते तोडण्याच्या भानगडीत पडू नये. मी बोलतोय ते आपल्या घरच्या चित्रणाबद्दल.

आणि मग खरा घोर. तबकडी नेमकी पंगतीपाशी अडकली. ड्राइव्ह घरघरे आणि थांबे. मी शर्टाच्या टोकाने गोल गोल पुसायला लागलो, तेही चुकीचंच. माहिती गोलाकार मार्गावर नोंदलेली असते. त्या मार्गाला समांतर ओरखडा पडला, तर सलग मोठा भाग वाचता येईनासा होतो. म्हणून मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावं. तरीही जमेना. तेव्हा मित्राचा ड्राइव्ह आणला, कारण एकाला न जमलेलं दुसऱ्याला कधी कधी जमतं. त्यावर ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला. तो खराब जागा तूर्त सोडून चांगलं तेवढं आधी उतरवून घेतो आणि मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. रात्रभर यंत्र चालू होतं. मला झोप नव्हती.

सकाळी पाहिलं. जिलबी वाढतानाची काही सेकंदं कायमची गेली होती. पण त्यानंतर वडील पंगतीत आले, हात जोडले आणि बोलले.

आईला हाक मारली. तिने एकदा ऐकलं, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, ‘‘परत लाव.’’

घरी लिहिलेल्या तबकड्यांवरचा रंगाचा थर वर्षांगणिक उतरत जातो. उन्हात, दमटपणात तो आणखी लवकर उतरतो. म्हणून तुमच्या कपाटातली डबी आजच काढा. आधी जशीच्या तशी नक्कल, मग रूपांतर, हा क्रम सोडू नका. एक प्रत घरी आणि एक बहिणीकडे किंवा मुलाकडे ठेवा. मूळ तबकडीही फेकू नका. एकदा काम हाती घेतलंत की मग मात्र घाई नको. आमचे वडील म्हणत तसं, सावकाश होऊ द्या!