कॅम्पसपलीकडची विलायत

पारनेरचे पांडुरंग महादेव बापट १९०४ मध्ये मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात यांत्रिक अभियांत्रिकी शिकायला गेले. (एडिंबरो स्कॉटलंडात, पण आपल्या लेखी ती सगळी विलायतच.) कॉलेज तेव्हा भर शहरात, चेंबर्स स्ट्रीटवर होतं; वर्ग सुटला की विद्यार्थी थेट गावात. तिथल्या एका सभेत बापटांनी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राजवटीचे वाभाडे काढले, शिष्यवृत्ती गेली आणि ते लंडनच्या इंडिया हाउस या हिंदी क्रांतिकारकांच्या अड्ड्याकडे वळले. पुढचे सेनापती बापट घडायला एडिंबरो शहर बरंचसं कारणीभूत आहे. तेच हेरियट-वॉट आता विद्यापीठ झालंय आणि शहराबाहेर रिकार्टनच्या झाडीत जाऊन बसलंय. आज पारनेर तालुक्यातून एखादी मुलगी एमएस्सीला निघते, तेव्हा तिच्या वाट्याला बहुधा असलाच कॅम्पस येतो. तिथे राहायला हरकत नाही. मात्र वर्षभर तिथेच राहिलं, तर विलायत पाहायची राहून जाते.

असे कॅम्पस गावाबाहेर का गेले, याचं कारण साधं आहे. साठच्या दशकात इंग्लंडने नवी विद्यापीठं काढली, तेव्हा प्रत्येकासाठी निदान २०० एकर जागा हवी, अशी अट होती. एवढी जमीन शहरात कुठून मिळणार? म्हणून १९६१ चं ससेक्स ब्रायटनबाहेर फाल्मरला गेलं, १९६४ चं लँकेस्टर बेलरिगला. १९६५ चं वॉरिक तर वॉरिक गावात नाहीच, ते कॉव्हेंट्रीच्या कडेला आहे. खोली, ग्रंथालय, दुकान, दवाखाना, व्यायामशाळा सगळं चालत दहा-पंधरा मिनिटांत. आपल्याकडे राहुरीचं कृषी विद्यापीठ पाहिलेल्याला ही रचना नवी वाटणार नाही. फरक इतकाच, की राहुरीचा विद्यार्थी आठवडी बाजारात गेला तर भाव आपल्याच भाषेत करतो. इंग्लंडात बाहेर पडायलाच जीव गोळा करावा लागतो, आणि कॅम्पसवर सगळं हाताशी असल्याने तो गोळा करायची वेळच येत नाही.

घरच्यांचा आक्षेप रास्त आहे. जमीन तारण ठेवून कर्ज काढलंय, डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, परक्या गावात खोली घ्यायची तर घरमालक तिथला जामीनदार मागतो. मग कॅम्पसची खोलीच बरी, हे मलाही पटतं. दुसरं म्हणणं असं, की कॅम्पसवर जगभरची मुलं भेटतात, मग आणखी काय हवं? भेटतात खरी. सात-आठ खोल्यांमागे एक स्वयंपाकघर, फ्रीजमध्ये प्रत्येकाचा एकेक कप्पा. दार उघडं ठेवून मोहरीची फोडणी टाकली की मार्गिकेतला धुराचा भोंगा बोंबलतो आणि सगळा मजला थंडीत कुडकुडत खाली उभा राहतो. ओळखी अशाच होतात. पण त्या ओळखी पाहुण्यांच्या पाहुण्यांशी. कित्येक एमएस्सीच्या वर्गांत तिथलीच मुलं मोजकी असतात. नायजेरियाचा किंवा चीनचा मित्र मिळणं मोलाचं आहेच, पण त्याच्याकडून कॉव्हेंट्रीचा माणूस कळत नाही.

बापटांचा दाखला आज लागू पडत नाही, असंही कुणी म्हणेल. काही अंशी खरं आहे; त्यांच्यामागे व्हिसाचा ससेमिरा नव्हता. आता मास्टर्स एका वर्षाची, सप्टेंबरअखेर सुरू आणि पुढच्या सप्टेंबरात प्रबंध देऊन मोकळी. पण वेळ इतका थोडा असल्यामुळेच, बाहेर जायचं निमित्त आधीच बांधून घेतलेलं बरं. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करायची परवानगी असते. ते काम कॅम्पसच्या कॅफेत न करता गावातल्या दुकानात किंवा वृद्धाश्रमात केलं, तर पगारात फारसा फरक पडू नये, शिकण्यात पडतो. लँकेस्टरच्या म्हातारीचे उच्चार आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या कुठल्याही तयारीत येत नाहीत. काम नकोच असेल तर गावातलं सार्वजनिक ग्रंथालय आहे, उन्हाळ्यात क्रिकेट क्लब आहे. खोलीचं भाडं भरताना बसच्या पासाचे पैसेही त्याच दिवशी भरून टाकावेत. पैसे गेलेले असले की माणूस पावसातही थांब्यावर जातो.