पाचशे रद्द, तर साडेचार हजार हवीत

अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळाला सहा धावपट्ट्या आहेत. पाच प्रत्येकी 12 हजार फुटांच्या, सहावी 16 हजार फुटांची, म्हणजे जवळजवळ 4.9 किलोमीटर लांब. सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून 11 लाख चौरस मीटरच्या वर जातं. त्यावर फूटभर बर्फ पडला तर त्याचा ढीग होतो 3 लाख 40 हजार घनमीटरचा. कोलोरॅडोतला बर्फ कोरडा आणि हलका असतो. घनमीटरला 70 किलो एवढंच वजन धरलं, तरी बेरीज 24 हजार टनांच्या आसपास पोचते. यात टॅक्सीवे, विमानं उभी राहण्याच्या जागा आणि रस्ते धरलेले नाहीत. अख्ख्या विमानतळाची जमीन 137 चौरस किलोमीटर आहे, मॅनहॅटन बेटाच्या दुपटीहून जास्त.

हा बर्फ एकदा काढून भागत नाही. वादळ चालू असतं, मागे साफ केलेली पट्टी पुन्हा पांढरी होत असते. पुढे नांगराचं रुंद पातं, मध्ये फिरता ब्रश आणि मागे जोराचा वारा सोडणारा पंखा, अशी अवाढव्य यंत्रं तिरक्या रांगेत, एकमेकांना थोडी मागेपुढे ठेवून धावपट्टीवरून जातात. पहिल्याने ढकललेला बर्फ दुसरं पुढे सरकवतं, दुसऱ्याचा तिसरं. चांगली तुकडी अशी एक धावपट्टी पंधरा-वीस मिनिटांत मोकळी करते. तेवढा वेळ ती पट्टी विमानांना बंद. रस्त्यावर टाकतात तसं मीठ इथे चालत नाही, कारण ते विमानाचं अ‍ॅल्युमिनियम खातं. त्याऐवजी पोटॅशियम अ‍ॅसिटेटसारखी, धातूला कमी त्रास देणारी रसायनं वापरावी लागतात.

डिसेंबर 2006 मध्ये याच विमानतळाने हात टेकले होते. 20 तारखेच्या दुपारी तो बंद झाला आणि 22 तारखेच्या दुपारी उघडला. जवळपास 45 तास. नाताळच्या तोंडावर हजारो माणसं टर्मिनलच्या फरशीवर झोपली.

पण मला जास्त थक्क करतात ते मिलिमीटरचे आकडे. विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वरच्या पृष्ठावर पॉलिश पेपरइतका खरखरीत हिमाचा थर बसला, तर विमानाला वर उचलणारं बल 30 टक्क्यांपर्यंत घटू शकतं आणि हवेचा विरोध 40 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणूनच उड्डाणाआधी पंख फवारून घेतात. आधी नारिंगी रंगाचा गरम द्रव, जो साचलेला बर्फ वितळवतो. मग हिरवा, दाट द्रव, जो नवा बर्फ पंखाला चिकटू देत नाही आणि धावताना वाऱ्याने ओघळून जातो. दोन्हींत ग्लायकॉल असतं. मोठ्या विमानाला ते हजारो लिटर लागू शकतं.

या हिरव्या थराला मुदत असते. मध्यम हिमवृष्टीत साधारण अर्धा-पाऊण तास, जोर वाढला की त्याहूनही कमी. मुदत संपायच्या आत विमान उडालं नाही, तर पंखांची पुन्हा तपासणी, नाहीतर परत फवारणीच्या रांगेत. हा नियम माणसांच्या जिवावर शिकलेला आहे. 13 जानेवारी 1982 रोजी वॉशिंग्टनहून निघालेलं एअर फ्लोरिडाचं विमान फवारणीनंतर 49 मिनिटांनी उडालं, पुलावर आपटून पोटोमॅक नदीत कोसळलं आणि 78 माणसं गेली. पंखांवर बर्फ होता आणि इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा चालूच केलेली नव्हती. दहा वर्षांनी, मार्च 1992 मध्ये, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर फवारणीनंतर 35 मिनिटांनी उडालेल्या विमानाच्या अपघातात 27 जण गेले. त्यानंतर कुठे ही मुदत काटेकोर पाळली जाऊ लागली.

आता साधा हिशेब करा. एका विमानाच्या फवारणीला 15 मिनिटं धरली आणि तासाला 50 विमानं सोडायची असली, तर एका वेळी तेरा जागी फवारणी चालू हवी. फवारणीची एक गाडी बंद पडली की रांग लांबते, रांग लांबली की पुढच्यांची मुदत संपते आणि ती विमानं फिरून रांगेच्या शेपटाला येतात. म्हणून वादळात किती विमानं उडतील, हे बहुतेक वेळा आकाशापेक्षा या रांगेवर ठरतं.

डेन्व्हर हे हब आहे, म्हणजे प्रवासी विमानं बदलतात असं मोठं केंद्र. हबची गंमत आणि गोची एकच आहे. तासाभरात 50 विमानं येतात, प्रवासी आपापसांत बदलतात, आणि तीच 50 विमानं पुढे निघतात. कुठून कुठे जाता येईल याच्या जोड्या अडीच हजारांच्या घरात जातात. छोट्या गावातून छोट्या गावाला जाता येतं ते यामुळेच. पण एक येणारं विमान अडकलं, की 49 निघणाऱ्या विमानांत कोणाची ना कोणाची जागा रिकामी राहते. शिवाय तेच विमान दिवसात चार-पाच फेऱ्या मारणार असतं. सकाळी डेन्व्हरला बर्फात रुतलेलं विमान संध्याकाळी फ्लोरिडाच्या उन्हात वाट पाहणाऱ्यांनाही मिळत नाही.

आणि रद्द झालेल्यांचं काय? समजा 150 आसनांची 500 उड्डाणं रद्द झाली. विमानं 90 टक्के भरलेली होती, तर 67,500 माणसं खोळंबली. पुढच्या दिवसांची विमानंही 90 टक्के भरलेलीच आहेत, म्हणजे प्रत्येकात 15 जागा मोकळ्या. या सगळ्यांना बसवायला 4,500 उड्डाणं लागतील. रोज 500 उड्डाणं होत असतील तर नऊ दिवस. नाताळात विमानं 95 टक्के भरतात असं धरलं, तर हाच आकडा एकोणीस दिवसांवर जातो. प्रत्यक्षात बरेच जण पैसे परत घेतात, गाडीने जातात किंवा प्रवासच सोडतात, म्हणून इतके दिवस लागत नाहीत. पण वादळ बारा तासांत सरतं आणि गर्दी आठवडाभर का ओसरत नाही, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

म्हणून कंपन्या पहिला हिमकण पडायच्या आधीच, एक-दोन दिवस अगोदर, शेकडो उड्डाणं रद्द करतात. विमानं वादळाच्या वाटेतून हलवून कोरड्या शहरांत नेऊन ठेवतात. निळ्याशार आकाशाखाली फोनवर 'रद्द' वाचून प्रवासी संतापतो, पण माझ्या मते हाच खरा शहाणपणा आहे. कायद्याचाही धाक आहे. फेब्रुवारी 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर जेटब्लू कंपनीची विमानं बर्फात तासन् तास प्रवाशांसह अडकली. अशा प्रसंगांनंतर 29 एप्रिल 2010 पासून अमेरिकेत नियम लागू झाला. देशांतर्गत विमानात तीन तासांच्या आत प्रवाशांना उतरण्याची संधी द्यायची, नाहीतर तेव्हा माणशी 27,500 डॉलरपर्यंत दंड होता. दीडशे प्रवाशांच्या एका विमानाला तो 41 लाख 25 हजार डॉलरपर्यंत जात होता.

डिसेंबर 2022 ने दाखवून दिलं की बर्फ हा अर्धाच भाग आहे. 21 तारखेला डेन्व्हर विमानतळावर एका तासात पारा 42 अंश फॅरनहाइटवरून 5 वर आला, म्हणजे साडेपाच अंश सेल्सियसवरून उणे 15 वर. वादळ पुढे सरकलं आणि इतर कंपन्या काही दिवसांत सावरल्या. साउथवेस्ट ही विमान कंपनी मात्र सावरली नाही. विमानं होती, वैमानिक होते, पण कोण कुठल्या शहरात आहे आणि कोणाचे कामाचे तास शिल्लक आहेत, हे जुळवणारी यंत्रणा कोलमडली. अमेरिकेत वैमानिकाला दोन कामांमध्ये किमान 10 तासांची विश्रांती सक्तीची आहे आणि कामाचे तास संपले की त्याला उड्डाण करता येत नाही. कर्मचारी 'मी इथे आहे' एवढं सांगायला तासन् तास फोन धरून बसले. दहाएक दिवसांत 16,900 उड्डाणं रद्द झाली, 20 लाखांहून जास्त प्रवासी अडकले. त्या तिमाहीत कंपनीला 80 कोटी डॉलरच्या आसपास फटका बसला आणि वर्षभराने सरकारने 14 कोटी डॉलरचा दंड लावला.

डिसेंबर ते मार्चमध्ये मुलांकडे अमेरिकेला निघालेल्यांनी एवढं जरूर करावं. हबवर विमान बदलताना मध्ये भरपूर वेळ ठेवा. आठवडाभराची औषधं हातातल्या बॅगेत घ्या, सामानात नको. वादळाआधी कंपनीकडून विनाशुल्क तारीख बदलण्याचा संदेश आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच बदला, कारण त्या मोजक्या 15 जागांवर हजारोंची नजर असते. आणि कंपनीनेच उड्डाण रद्द केलं व तुम्हाला प्रवास करायचा नसेल, तर अमेरिकेच्या नियमांनुसार तिकिटाचे पैसे परत मिळतात. कूपन घ्यायची सक्ती नाही.