तारा खरंच मिचमिच करतो का?

मागच्या महिन्यात बैठकीचा हिशोब लांबला, त्यात लाइट गेली, म्हणून आम्ही सगळ्या अंगणातच बसलो. एका ताईंची बारावीतली मुलगी सोबत होती. तिनं विचारलं, "हे तारे काहून मिचमिच करतेत वं ताई?" आम्ही म्हटलं, हवेमुळं. "सगळेच?" आता मात्र आमची बोलती बंद! मग विचारपूस केली, वाचलं, ते आज सांगतो.

डोळ्यांना दिसणारी मिचमिच हवेचीच. पण काहींचं तेज खरोखर सेकंदासेकंदाला बदलतं. श्रावण-भाद्रपदात रात्री वर श्रवणाचा ठळक तारा दिसतो, तो गरुड तारकासमूहातला. त्याच समूहात 'जीआरएस १९१५+१०५' नावाची जोडी आहे. ती १९९२ साली सापडली. एक साधा तारा आणि सूर्याच्या सुमारे १२ पट वस्तुमानाचं कृष्णविवर. साधारण ३४ दिवसांत एकमेकांभोवती फेरी. मधल्या धुळीमुळं आपल्याला ती दिसत नाही.

कृष्णविवर ताऱ्याचा वायू ओढतं. तो वायू सरळ आत पडत नाही, मोरीतल्या पाण्यासारखा गोल फिरत जातो. थरावर थर घासून लाखो अंश तापतो आणि क्ष-किरण सोडतो. शास्त्रज्ञांच्या मते चकतीचा आतला भाग भरतो, तापतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. चुलीवरचं दूध आठवा: वर येतं, उतू जातं, खाली बसतं, परत वर. फरक इतकाच, तिथं जाळ कमी करायला कुणी नाही! कधीकधी मिनिटभरात एक असे ठोके पडतात, म्हणून त्याला हृदयाचे ठोके म्हणतात.

क्ष-किरण हवेतून खाली पोचत नाहीत, उपग्रहच लागतो. १९९६ च्या आपल्या आयआरएस-पी३ उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आणि इस्रोची उपकरणं होती; त्यांनी या जोडीचे झटके टिपले. २८ सप्टेंबर २०१५ ला ॲस्ट्रोसॅट गेला. त्यावरचं मोठं क्ष-किरण उपकरण याच संस्थेचं, आणि पुण्याच्या आयुकातही त्याचं काम चालतं. लोणार आपल्याच जिल्ह्यात, तरी आपण वर पाहायचं विसरलो, असं आम्हाला वाटून गेलं.

ॲस्ट्रोसॅटची जुनी निरीक्षणं नाव नोंदवून कुणालाही पाहता येतात. हे त्या मुलीला सांगितलं, तर तिची आई म्हणाली, "पाहून पोट भरते का?" घरात सोयरिकीची बोलणी सुरू आहेत. मुलीला बीएस्सीला जायचंय. फीसाठी कर्जाचा अर्ज तिनंच लिहिलाय. सही आईची लागते. येत्या बैठकीत तो अर्ज पहिला घेऊ.