उरलेल्या किडनीचं काय होतं?

‘एक किडनी दिली तरी माणूस आरामात जगतो,’ असं नातेवाईक दात्याला हमखास सांगतात. खरं आहे, पण अर्धंच.

प्रत्येक किडनीत रक्त गाळणारे सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. जन्मानंतर नवे तयार होत नाहीत. एक किडनी काढली की दुसरीकडे जास्त रक्त येतं, तिथले नेफ्रॉन फुगतात आणि वाढीव काम अंगावर घेतात. त्यामुळे गाळण्याची क्षमता निम्म्यावर न थांबता पूर्वीच्या साधारण ६० ते ७० टक्क्यांवर स्थिरावते. रोजच्या जगण्याला तेवढी पुरते. कमी होते ती राखीव शिल्लक. यकृताचं तसं नाही. त्याचा निम्म्याहून मोठा भाग दिला तरी उरलेल्या पेशी विभागत जातात आणि काही महिन्यांत यकृत जवळपास पूर्वीइतकं भरतं. तरीही दात्यासाठी ती शस्त्रक्रिया किडनीपेक्षा जोखमीची.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांच्या पथकाने रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. दोघं एकसारखे जुळे असल्याने रिचर्डच्या शरीराने ती नाकारली नाही. तो आणखी आठ वर्षं जगला, रोनाल्ड २०१० पर्यंत. पण ठणठणीत माणसावर, त्याचा स्वतःचा काहीही फायदा नसताना सुरी चालवायची का, हा पेच डॉक्टरांपुढे तेव्हाही होता.

आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने अवयवांच्या खरेदी-विक्रीला बंदी घातली. २०११ च्या दुरुस्तीने, रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांना आपसांत दात्यांची अदलाबदल करता येते. कागदावर संमती हवीच. मात्र भारतात जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त, घेणाऱ्यांमध्ये पुरुष. आई किंवा बायको ‘हो’ म्हणते, तेव्हा तिला ‘नाही’ म्हणायची मोकळीक कितपत होती, हे कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. म्हणून तिच्याशी घरच्यांना बाहेर बसवून बोलायला हवं.

किडनी घेणाऱ्याला रोजच्या गोळ्या दवाखान्यात खेचून आणतात. दात्याला गोळी नसते, त्यामुळे टाके सुकले की त्याचं येणं थांबतं. खरं तर त्यानेही वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनीन आणि लघवीतलं प्रथिन तपासायला हवं. मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. किडनी देणाऱ्या स्त्रीला पुढे मूल हवं असेल, तर गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो, हे शस्त्रक्रियेआधीच सांगितलं पाहिजे.